अंगठा आधी

सोमवार, ३ मार्च

हळू फेकली म्हणून बोलणी खाल्ली. मग जोरात फेकली — तर त्याबद्दलही खाल्ली! माणसाने करायचं तरी काय?

पहिल्या वेळी सर ओरडले, "अरे, बहीण आहे ती, काचेचं भांडं नाही! फेक नीट!" दुसऱ्या वेळी नीट फेकली, तर वर बाकावर बसलेली आई किंचाळली, "अरे, बहीण आहे ना ती तुझी!" आणि जिला फेकलं ती ताई बर्फावरून उठली, मागची बाजू झटकली आणि म्हणाली, "दुसरी बरी होती. पुन्हा."

इतरांचे भाऊ बहिणींच्या वेण्या ओढतात. मी बहिणीला हवेत भिरकावतो, ती वरच्या वर तीन गिरक्या घेते आणि एका पायावर उतरते. जोडीच्या स्केटिंगमध्ये याला थ्रो म्हणतात. त्यात गंमत अशी की भीत भीत फेकलं तर तिला उंची मिळत नाही, गिरक्या अर्ध्यावर राहतात आणि ती तिरकी आदळते. म्हणजे माया दाखवली की बहीण आपटते. असला आमचा धंदा!

मग पकडीवरून तासलं. "जागतिक स्पर्धेला निघालात आणि साधा हात धरता येत नाही!" हे सर गेली कित्येक वर्षं म्हणतायत. मी चार वर्षांचा होतो तेव्हा ताईने मला पहिल्यांदा बर्फावर ओढलं. ती आठ वर्षांची. माझ्या मुठीत तिचा अंगठा तेवढा मावायचा. तो हातात आल्याशिवाय मी पाऊल उचलायचो नाही, उभ्या जागी भोकाड पसरायचो. आता माझ्या पंजात तिचा अख्खा हात हरवतो, तरी माझी मूठ आधी अंगठ्यावरच जाते, मग बाकीच्या हातावर. तीही अंगठा वेगळा काढूनच हात पुढे करते. दिसायला वाईट, शास्त्राप्रमाणे चूक, फोटोत तर अगदीच ध्यान. जगात दुसरी कुठलीही जोडी असा हात धरत नाही. सरांनी हातमोजे शिवून बघितले, दंड लावून बघितला, शेवटी हात टेकले. आज त्यांना पुन्हा आठवण झाली, इतकंच.

पुढच्या आठवड्यात स्पर्धा. डोकं शांत ठेवा म्हणे. कुणाच्या डोक्याबद्दल बोलतायत?

मंगळवार, ४ मार्च

ताई सरावाला उशिरा आली. "झोप लागली," म्हणे. ताईला! जी मला पांघरूण ओढून उठवते तिला!

गुरुवार, ६ मार्च

घरात काहीतरी शिजतंय.

स्वयंपाकघरात गेलो तर आई आणि ताई एकदम गप्प. अळीमिळी गुपचिळी. मग आई एकाएकी माझ्या पोशाखाच्या बटणाबद्दल बोलायला लागली. माझ्या पोशाखाला बटणच नाही! मी म्हणालो, "काय चाललंय?" ताई म्हणाली, "तुझं नाव घेतलं नाही कुणी." नाव घेतलं नाही तर गप्प कशाला बसलात?

दुपारी रिंकवर वार्ताहर आला होता. ताईला विचारलं — संगीत कसं निवडलं, मनात काय चालतं, भीती वाटते का, लहानपणीची स्वप्नं, सगळं. मग माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही साधारण किती वजन उचलता?" मी काय हमाल आहे? ताई हसून हसून कठड्याला टेकली. नंतर बराच वेळ तशीच टेकून होती. म्हटलं, एवढंही हसू आलं नसेल. नखरे.

सरांनी बातमी आणली ती निराळीच. बांबूची जोडी मोडली. बांबू म्हणजे दुसऱ्या शहरातला तो लांबलचक — आमच्याच देशाची दुसऱ्या क्रमांकाची जोडी त्यांची. त्याची जोडीदारीण म्हणजे ती ठेंगणी, कायम लाल टोपी घालणारी. जोडी मोडल्यामुळे स्पर्धेतली त्यांची जागाही गेली. सर म्हणाले, "बांबूसारखा गडी मोकळा म्हणजे आता रांग लागेल." ताईने चटकन वर बघितलं. "कधी मोडली?" मग, "का मोडली?" मग, "आता पुढे काय म्हणतात?" एवढ्या चौकशा तिने माझा हात मोडला होता तेव्हाही केल्या नव्हत्या.

आमच्यातल्या जोड्या जमवणं म्हणजे अगदी स्थळं बघण्यासारखं. उंची किती, वजन किती, स्वभाव कसा, घरचे लुडबुड करतात का. आणि मोडायला काडीसुद्धा लागत नाही, एक फोन पुरतो. ज्यांना दुसरं स्थळ मिळत नाही ते पुरुष मी बघितलेत. खिशात हात घालून रिंकच्या कडेला उभे असतात, आणि कोणी विचारलं की "सध्या थोडी विश्रांती," म्हणतात. मी एकेरीत कधीच नव्हतो. माझ्या एकट्याच्या उड्या दहा वर्षांच्या पोरांच्या लायकीच्या. मला उचलता येतं, फेकता येतं आणि एका माणसाच्या पावलाला पाऊल जुळवता येतं. तो माणूस गेला की मी झाकण हरवलेला डबा. दुसरं काही शिकलोच नाही, शिकायला वेळ होता कुठे?

हे सगळं मी का लिहितोय? ताईने फक्त चौकशी केली.

शनिवार, ८ मार्च

पोचलो. विमानतळावर एका गणवेशवाल्या बाईने माझे बूट पिशवीतून काढून पात्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "धारदार आहेत." नसतील तर काय बर्फावर बोथट पात्यांनी लोळायचं? सामानात टाका म्हणाली. स्केटिंग करणारा माणूस एक वेळ आईला सामानात टाकेल, बूट टाकणार नाही. आई शेजारीच उभी होती. ताईने लाडीगोडी लावून सोडवलं.

हॉटेलात लिफ्ट बंद. ताई जिन्यात मध्येच खाली बसली, "लेस सुटली" म्हणून. तिच्या पायात बिनालेसच्या चपट्या सपाता! मी तिथल्या तिथे दाखवून दिलं. "मग कल्पनेतली सुटली," म्हणाली आणि आईकडे बघितलं. आईने माझ्या हातात तिचीही बॅग दिली. म्हणजे झालंच, हमाल.

मला खोली सरांबरोबर. सर घोरतात, आणि आपण घोरतो हे मान्य करत नाहीत.

सोमवार, १० मार्च

आज डोळ्यांनी बघितलं.

नाश्त्याला खाली गेलो तर कोपऱ्यातल्या टेबलावर ताई आणि चष्मेवाली. चष्मेवाली म्हणजे बांबूची प्रशिक्षक! तिची एक शिष्या एकेरीत आहे म्हणून सगळा तांडा घेऊन आलीय. दोघींची डोकी एकमेकींना चिकटलेली, कॉफी निवून गेलेली. मला बघून ताई म्हणाली, "अरे, ये ना, बस." चोर पकडला गेला की असाच गोड बोलतो.

चष्मेवालीने चष्मा वर करून मला आपादमस्तक न्याहाळलं. कपाट विकत घेताना बघतात ना, दरवाजे नीट बसतात का, तसं. मग विचारते, "गुडघे कसे आहेत तुझे?"

मी म्हणालो, "दोन्ही आहेत."

"आणि रागीट आहेस म्हणे?"

"कोण म्हणतं?" — हे मी जरा मोठ्याने म्हणालो असेन. पलीकडच्या टेबलावरच्या लोकांनी टोस्ट खायचा थांबवला. ताई कपात तोंड घालून हसत होती.

तळपायाची आग मस्तकात गेली! माझ्या गुडघ्यांशी हिला काय करायचंय? बांबूशी तुलना चाललीय, दुसरं काय. त्याचे गुडघे चांगले, माझे कुरकुरतात. तो थंड, मी तापट. तो उंच, तिथून फेकलं तर ताई छताला लागेल. ही बया माझ्या तोंडावर माझा हिशोब मांडतेय आणि माझी सख्खी बहीण समोर बसून कॉफी पितेय.

सरावात एकही शब्द बोललो नाही. सगळ्या उचली बरोबर झाल्या. सर म्हणाले, "आज कसं, शांतपणे!"

मंगळवार, ११ मार्च

ताई हातमोजे विसरून गेली होती. आईने माझ्याकडे दिले, "दे जा तिला," म्हणाली, आणि लगेच, "नको, राहू दे, मी देते." तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी म्हणालो, "देतो की!"

मुख्य रिंकच्या मागे सरावाचं लहान रिंक आहे. दाराला गोल काच. काचेतून बघितलं.

ताई बर्फावर. चष्मेवाली कडेला. आणि कठड्यावर कोपर टेकून, हनुवटी तळव्यात घेऊन बांबू बघतोय! बोहल्यावर चढायला निघालेल्या नवऱ्यासारखा. ताई त्याला स्वतःला दाखवायला गेली होती. परवा आमची स्पर्धा, आणि ही दुसऱ्याला पसंत पडायला गेलीय! नाही, परवा नाही, उद्याच. उद्या शॉर्ट, म्हणजे पहिली छोटी फेरी; शुक्रवारी फ्री, म्हणजे मोठी!

सगळ्यात वाईट काय — ती लाल टोपीवालीही तिथेच होती. तिच्या जागेवर दुसरी आणायची आणि बघायला तिलाच बोलवायचं! तिच्या नाकावर टिच्चून! ताई तिचा हात धरून सावकाश फेरी मारत होती, काहीतरी समजावत होती. सांत्वन चाललं असणार. "वाईट वाटून घेऊ नकोस बाळ, मी तुझा बांबू घेते." ती पोरगी मान डोलावत होती. मला तिचा राग आला नाही, दया आली. आम्ही दोघं एकाच बोटीत.

आत गेलो नाही. हातमोजे अजून माझ्या खिशात आहेत. गोठू देत तिची बोटं.

संध्याकाळी आईला धरलं. ती पोशाखाचा हूक घट्ट करत बसली होती. म्हणालो, "ताई मला सोडून चाललीय. तुला माहीत आहे." आईने दोरा तोडला, खूप वेळ सुईत दुसरा ओवत बसली. मग म्हणाली, "फ्री होऊ दे. मग बोलू सगळं." डोळे भरलेले होते. म्हणजे माहीत आहे! म्हणजे खरं आहे! आईलाही माहीत आहे, आणि मी मूर्खासारखा बॅगा वाहतोय. घरच्यांनीच माझा मामा केला.

बुधवार, १२ मार्च

शॉर्ट झाला. पाचवे.

बर्फावर उतरताना ताईने हात पुढे केला, अंगठा काढून. धरला. न धरून सांगतो कुणाला? पण तिच्याकडे बघितलं नाही. थ्रोच्या वेळी मनात म्हटलं, जा, कुठे जायचं तिथे जा! — आणि फेकली.

असा थ्रो मी जन्मात फेकला नव्हता. ती इतकी उंच गेली की मला खालून वाटलं, आता उतरते की नाही. उतरली. पिसासारखी. अख्खं सभागृह ओरडलं. सर कठड्यावर मुठी आपटत होते, "हेच! हेच सांगत होतो मी!" म्हणजे इतकी वर्षं मी चांगला भाऊ होतो हीच माझी चूक होती तर.

गुणांची वाट बघायच्या बाकावर तिघं बसलो. कॅमेरा समोर. ताईने माझा हात घट्ट धरला होता, बर्फासारखा गार. दातांवर दात दाबून, ओठ न हलवता म्हणाली, "हस, ठोंब्या." मी हसलो. फोटोत आम्ही दोघंही दात काढलेल्या माकडांसारखे दिसतो.

आणि पंच! त्या गिरकीला एवढेच गुण? समोरून बघितलंत की पाठीमागून? आमच्या आधीची जोडी दोनदा अडखळली, तिला आमच्यावर! समालोचक म्हणाला, "भावाचा भक्कम खांदा." खांदाच! खांद्याच्या वर काही असतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

गुरुवार, १३ मार्च

भांडलो.

सरावानंतर ताई बाकावर बूट न सोडताच बसून होती. मी समोर उभा राहिलो आणि विचारलं, "बांबूशी जमलं का?"

ती बघतच राहिली. "कोणाशी?"

"बांबूशी! मंगळवारी मागच्या रिंकवर स्वतःला दाखवत होतीस ना? मी बघितलं काचेतून."

आधी तिचं तोंड पडलं, मग ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "बांबू? अरे, तो माझ्याशी बोलतो तेव्हा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतो! तो तर कधीचाच दुसरीकडे ठरलाय."

"मग चष्मेवालीबरोबर काय साखरपेरणी चाललीय?"

हसू थांबलं. "उद्या फ्री झाली की सांगते. नक्की. तोवर विचारू नकोस."

"का? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"हो," म्हणाली. मग एकदम माझी बाही पकडली. "ऐक. उद्या काल फेकलंस तसंच फेक. चिडून. हळू फेकलंस ना, तर मरेन मी."

मी म्हणालो, "काळजी करू नकोस, असा फेकतो की थेट बांबूच्या घरी जाऊन पडशील." आणि निघून आलो. दारातून वळून बघितलं तर ती अजून तशीच बसलेली, बुटांकडे बघत. बूट सोडायलाही मी यावं अशी अपेक्षा असेल महाराणीची.

'फ्रीनंतर, फ्रीनंतर.' सगळ्यांनी एकच मंत्र पाठ केलाय. फ्रीनंतर मला कळून उपयोग काय?

शुक्रवार, १४ मार्च

कुठून सुरू करू?

आमचं नाव पुकारलं. बर्फ यंत्राने नुकताच सपाट केलेला, ओला, चकचकीत. ताईने अंगठा दिला. मी धरला. संगीत सुरू झालं.

पहिली उचल चांगली. शेजारी शेजारी घ्यायच्या उड्या — माझी जरा डगमगली, तिची नाही. मग थ्रो. मला राग आणावा लागलाच नाही, तो होताच, आठवडाभर उकळत होता. कमरेला धरली, झोकून दिलं. वर गेली. एक, दोन, तीन — आणि उजव्या पायावर उतरली, मागे सरकत, हात पसरून. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा हसत होता आणि डोळे मिटलेले होते. थ्रोनंतर ताई डोळे कधी मिटत नाही.

पुढचं सगळं झालं. कसं ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या उचलीत ती माझ्या डोक्यावर होती, आणि वरून तिचा आवाज आला, "छान चाललंय, ठोंब्या, छान चाललंय." लहानपणी म्हणायची तसा. संगीत थांबलं. शेवटच्या पवित्र्यात ती गुडघ्यावर असते आणि मी तिच्यावर वाकलेला. लोक उभे राहिले होते. मी उठलो. ती उठेना. माझ्याकडे बघून फक्त "उचल" म्हणाली. उचललं. चारी बाजूंना लवून नमस्कार केला ती सगळी माझ्या दंडावर लटकून. लोकांना वाटलं, प्रेम.

चौथे! इतके वर आम्ही कधीच आलो नव्हतो, आणि पदक एवढंसं, नखाएवढं लांब राहिलं. मी पंचांच्या नावाने शंख करायला तोंड उघडलं, तर ताई म्हणाली, "चौथे! अरे, चौथे आलो आपण!" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मला वाटलं, पदक गेलं म्हणून.

मागच्या बोळात आल्यावर ती भिंतीला धरून खाली बसली, फरशीवर. सर गुडघ्यांवर बसून तिचे बूट सोडायला लागले. सर! ज्यांनी आयुष्यात कुणाच्या बुटाला हात लावला नाही. डॉक्टर आले, पाय जरासा फिरवला, आणि ताई ओरडली. तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

उजव्या खुब्याचा सांधा झिजलाय. संपलाय. थंडी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, थांब. तिने विचारलं, एक शेवटची स्पर्धा? डॉक्टर नको म्हणाले. ही आली. आईला माहीत होतं. सरांना माहीत होतं. घरच्या डॉक्टरांना, मालिश करणाऱ्या काकूंना, चष्मेवालीला! मला सोडून सगळ्या जगाला! जिन्यातली लेस, कठडा, उशिरा येणं, गार हात — सगळं माझ्या नाकासमोर, आणि मी त्याला नखरे म्हणत होतो.

मी ओरडलो. बोळात जाणारे-येणारे थांबले इतका. "मला का नाही सांगितलं? मी तुझा जोडीदार आहे! मी भाऊ आहे!"

फरशीवर बसूनच ताई म्हणाली, "म्हणूनच. तुला सांगितलं असतं तर तू मला फेकलंच नसतंस."

खरं होतं. मी तिला कापसात गुंडाळून हळूच ठेवली असती, आणि ती तिरकी आदळून त्याच खुब्यावर पडली असती. म्हणून तिने मला आठवडाभर जळू दिलं. तिला माझा राग हवा होता. तो तिने वापरला, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

मला फार वाईट वाटतंय. आणि राग त्याहून जास्त येतोय. दोन्ही एकाच वेळी.

चष्मेवालीचं विचारायचं राहूनच गेलं. आता काय फरक पडतो.

शनिवार, १५ मार्च

कुणाशी बोलत नाही. आई दार वाजवून गेली. सूप दाराशी ठेवलंय. पिणार नाही.

नंतर —

प्यायलो. गार झालं होतं. त्याचाही राग आला.

खिडकीतून समोरचा रस्ता दिसतो. एक माणूस दुकानाची काच पुसतोय, खालून वर, वरून खाली, मन लावून. त्याला उद्याही काच असणार. मला उद्या काय आहे? बूट पिशवीत पडलेत. एकट्याने बर्फावर उतरून मी करू काय, हवेला उचलू? सर सकाळी म्हणाले, "बघू, काहीतरी करू." सर 'बघू' म्हणतात तेव्हा काही होत नसतं. रिंकच्या कडेला खिशात हात घालून उभे असतात त्यांच्यात माझी भर. "सध्या थोडी विश्रांती." आतापासून पाठ करायला हवं.

आणि ताईला जाऊन भेटावंसं वाटतंय. ते तर सगळ्यात चिडवणारं.

रविवार, १६ मार्च

भेटलो. तिच्या बगलेत कुबड्या. दारातच म्हणाली, "बघ, आता मला दोन जोडीदार. दोघेही गप्प असतात."

मी हसलो नाही. बराच वेळ हसलो नाही. मग ती कुबडीने माझे सूप सांडलेले बूट दाखवून म्हणाली, "कुणी पाजलं तुला, बांबूने?" — आणि मी हसलो. हरलो. हसताना रडलोही, तेही लिहून टाकतो, इथे कोण बघतंय.

तिला विचारलं, दुखतं का. "दुखतं," म्हणाली. एवढं साधं उत्तर तिने मला इतके महिने दिलं नाही! पुन्हा चिडलो. ती म्हणाली, "चीड, चीड. चिडलास की तू बरं काम करतोस." मग उद्या सकाळी बूट घेऊन मागच्या रिंकवर यायला सांगितलं.

"कशाला? एकट्याने गिरक्या मारायला?"

"ये म्हटलं ना."

"विमान दुपारी आहे. बूट मी भरून ठेवलेत."

"काढ मग."

हुकूम! पाय गेला तरी तोरा तोच. मी जाणार नाही.

सोमवार, १७ मार्च

गेलो.

ताई कठड्याबाहेर खुर्चीत, मांडीवर कुबड्या. चष्मेवाली शेजारी. बर्फावर ती लाल टोपीवाली, एकटीच, हातमोजे ओढत. बांबूचा पत्ता नाही. कुणी काही समजावून सांगितलं नाही — म्हणजे हे सगळं ठरवलं, माझे गुडघे बघितले, माझा राग मोजला, आठवडाभर चोरून सराव केला, मोडलेल्या खुब्याने! आणि मला एका शब्दाने विचारलं नाही! ताईकडे बघून मी तोंड उघडलं. तिने दुसरीकडे मान फिरवली, तिचे ओठ थरथरत होते.

मी बर्फावर उतरलो. काय करावं कळेना, उभाच राहिलो. ती पोरगी सरकत माझ्या डाव्या बाजूला आली, ताईच्या जागेवर, आणि हात पुढे केला. चार बोटं मिटलेली. अंगठा वेगळा काढलेला.

मी म्हणालो, "असा नाही धरत. चूक आहे ते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ताईंनी शिकवलंय. म्हणाल्या, आधी अंगठा दे, नाहीतर तो पाऊलच उचलत नाही."

धरला.

निघालो.